छोट्या बेटांच्या भरवशावर : बेटनिवासी सरीसृपांविषयीच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

बेटांवर मूळचे राहणारे सरीसृप, त्यांना असलेला नामशेष होण्याचा धोका आणि त्यांच्या संवर्धनाचे प्रयत्न यांविषयी मराठीत एक माहितीसंच तयार करणे हे या प्रकल्पाचे काम आहे. पहिल्या आराखड्यात प्रजातींची वर्णानुक्रमे यादी आणि प्रत्येकीचे वर्णन, आढळ, धोके असा नेहमीचा साचा होता. तो आज बाजूला ठेवला.

एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात सरीसृपांच्या १०,१९६ प्रजाती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी किमान १,८२९, म्हणजे पाचांमागे साधारण एक, धोक्यात असल्याचे आढळले. त्यांतल्या बेटांवरच्या प्रजाती वेगळ्या काढून वाचू लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रजातीच्या नावापुढे आपण मॉरिशस, अँटिग्वा, सेंट लुशिया किंवा न्यूझीलंड असे लिहितो, पण त्या मोठ्या भूमीवरून ती प्रजाती केव्हाच नाहीशी झालेली असते. ती तगलेली असते किनाऱ्यापासून काही अंतरावरच्या एखाद्या खडकाळ तुकड्यावर, जिथे उंदीर, मांजर, मुंगूस किंवा परका साप निव्वळ योगायोगाने पोहोचलेला नसतो. त्यामुळे माहितीसंचाची मांडणी प्रजातींनुसार न करता या आश्रयबेटांनुसार करायची असे ठरवले. प्रत्येक बेटासाठी एक ओळ आणि चार रकाने असतील : क्षेत्रफळ किती, तिथे कोणता शत्रू नाही, तो शत्रू जवळात जवळ कुठे आहे, आणि तिथल्या प्रजातीची दुसरी वसाहत अन्यत्र आहे का.

११ जानेवारी

पहिली ओळ राउंड आयलंडची. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर असलेले हे ज्वालामुखीजन्य बेट जेमतेम २.१९ चौरस किलोमीटरचे आहे. मॉरिशसच्या मुख्य बेटावर उंदीर, मांजरे आणि इतर शिकारी प्राणी माणसाबरोबर आले आणि तिथले बहुतेक मोठे सरीसृप संपले. राउंड आयलंडवर उंदीर कधीच पोहोचला नाही. म्हणून टेल्फेअरची सापसुरळी, गुंथरची पाल आणि खरखरीत खवल्यांचा राउंड आयलंड बोआ हा साप असे तिघेही तिथे उरले. हा बोआ अंडी घालतो आणि त्याच्या वरच्या जबड्याचे हाड दोन भागांत विभागलेले असून ते सांध्यावर हलते; पृष्ठवंशी प्राण्यांत अशी रचना या छोट्या कुळाखेरीज आढळत नाही.

या कुळात दोनच प्रजाती होत्या. दुसरा, बिळात राहणारा बोआ, १९७५ मध्ये शेवटचा दिसला. तो राउंड आयलंडवरच होता आणि तरीही गेला, हे नीट समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात माणसाने तिथे शेळ्या आणि ससे सोडले होते. त्यांनी रोपे खाल्ली, जुनी झाडे मेल्यावर नवी उभी राहिली नाहीत, आणि झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती उतारावरून पावसाबरोबर समुद्रात गेली. मातीत राहणाऱ्या सापासाठी मातीच शिल्लक राहिली नाही. त्याला कोणी खाल्ले नाही, कोणी मारले नाही. शेळी सरीसृपाला हातही लावत नाही, परंतु काही दशकांत त्याची जमीन काढून घेऊ शकते. हा मुद्दा माहितीसंचात स्पष्टपणे यायलाच हवा, कारण ‘शिकारी प्राणी नाही’ एवढे लिहून बेट सुरक्षित ठरवण्याची सवय अनेक अहवालांत दिसते.

शेळ्या १९७९ पर्यंत हटवल्या गेल्या आणि ससे १९८६ मध्ये. सशांसाठी वापरलेले रक्त गोठू न देणारे विष खाऊन काही टेल्फेअर सापसुरळ्याही मेल्याची नोंद आहे. पण ती हानी भरून निघाली आणि वनस्पती परतू लागल्यावर सापसुरळ्यांची संख्या पुष्कळ वाढली. निर्मूलनाची किंमत आणि त्याचे फळ या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिल्या पाहिजेत. एकच लिहिली तर वाचकाला अर्धी माहिती दिल्यासारखे होईल.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवतो. मॉरिशस बेटसमूहातली महाकाय कासवे नामशेष झाली, पण त्यांनी बिया पसरवण्याचे आणि गवत खुरटे ठेवण्याचे जे काम केले ते करायला कोणीतरी हवे होते. त्यासाठी २००७ पासून राउंड आयलंडवर हिंदी महासागरातल्याच अल्दाब्रा या प्रवाळबेटावरची महाकाय कासवे आणली गेली. नामशेष प्रजातीच्या जागी तिचा नातलग आणून बसवणे हा धाडसी निर्णय होता. मला तो पटतो, कारण कासव सावकाश चालते, ओळखता येते, मोजता येते आणि गरज पडल्यास उचलून परतही नेता येते.

१५ जानेवारी

फ्लॅट आयलंडची ओळ आज लिहिली. ती लिहिताना मन अस्वस्थ झाले. हेही मॉरिशसच्या उत्तरेचेच एक छोटे बेट. नारिंगी शेपटीच्या सापसुरळीचा शोध तिथे १९९५ मध्ये लागला. २०१० मध्ये तिथे चिचुंद्री पोहोचली. मॉरिशसच्या मुख्य बेटावर ती आधीपासून स्थिरावलेली होती आणि फ्लॅट आयलंडवर पर्यटकांच्या बोटींची नियमित ये-जा असते. २०११ उजाडल्यावर ही सापसुरळी तिथे उरली नव्हती. घराच्या मोरीपाशी, भिंतीच्या कडेकडेने पळताना आपण सर्वांनी पाहिलेला हा एवढासा प्राणी. ज्या सापसुरळीने तो कधी पाहिलाच नव्हता, तिच्यासाठी तो एका वर्षात अंत ठरला.

ही सापसुरळी आज पृथ्वीवर आहे याचे श्रेय एका वेळेवर घेतलेल्या निर्णयाला आहे. चिचुंद्री येण्याच्या आधीच, २००८ पासून, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, ड्युरेल वन्यजीव संवर्धन न्यास आणि मॉरिशसचे सरकारी खाते यांनी काही सापसुरळ्या उचलून गनर्स क्वॉइन या जवळच्या बेटावर सोडल्या होत्या. त्या वेळी फ्लॅट आयलंडवरची संख्या चांगली होती. संख्या चांगली असताना प्राणी हलवणे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु हलवण्याची योग्य वेळ तीच असते : मूळ वसाहतीतून पुरेसे प्राणी काढता येतात, त्यांच्यात आनुवंशिक विविधता असते आणि एखादी खेप अयशस्वी ठरली तर दुसरी पाठवता येते. चौथ्या रकान्याचे महत्त्व सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

२४ जानेवारी

कॅरिबियन समुद्रातील बेटे.

इथला मुख्य शत्रू मुंगूस. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारावेत म्हणून १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगूस जमैकात नेले गेले आणि त्यांच्या संततीतून पुढे कॅरिबियनमधील अनेक बेटांवर मुंगूस पसरवले गेले. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर मुख्यतः रात्री. त्यामुळे उंदरांचे फारसे बिघडले नाही आणि दिवसा ऊन खायला बाहेर येणारे, जमिनीवर वावरणारे साप, सरडे आणि त्यांची अंडी मात्र त्याच्या तोंडी पडली.

अँटिग्वाचा रेसर हा बिनविषारी, शांत स्वभावाचा साप. तो नामशेष झाला असेच दीर्घकाळ मानले जात होते. १९९५ मध्ये ग्रेट बर्ड आयलंड या दहा हेक्टरांहूनही लहान बेटावर त्याची मोजणी झाली तेव्हा जेमतेम पन्नासच्या आसपास साप उरले होते. मुंगूस तिथे पोहोचला नव्हता, पण काळे उंदीर होते आणि ते सापांना चावे घेऊन जखमी करत. त्याच वर्षी उंदीर काढले गेले. पुढे शेजारच्या बेटांवरूनही उंदीर हटवून तिथे साप सोडण्यात आले आणि वीस वर्षांत त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. एक गोष्ट यशोगाथांमधून बहुधा गाळली जाते : या बेटांवर उंदीर पुन्हा पुन्हा येतात. तपकिरी उंदीर एखाद-दोन किलोमीटर पोहून जाऊ शकतो आणि बोटीतून तर कितीही दूर. त्यामुळे ‘१९९५ मध्ये उंदीर काढले’ हे वाक्य भूतकाळात लिहून थांबता येत नाही. ते काम चालू आहे असेच लिहावे लागते.

सेंट लुशियाच्या रेसरची स्थिती याहून नाजूक आहे. १९३६ मध्ये तो नामशेष घोषित झाला, १९७३ मध्ये मारिया मेजर या छोट्या बेटावर पुन्हा सापडला, आणि २०११-१२ मधील पाहणीनंतर त्याची संख्या अवघी अठराच्या आसपास असावी असा अंदाज दिला गेला. मुख्य बेटावरचा मुंगूस आणि हा साप यांच्यामध्ये समुद्राचा एक अरुंद पट्टा आहे. चौथा रकाना इथे रिकामा राहतो, आणि तो रिकामाच छापायचा.

जमैकाचा इग्वाना हा मोठा सरडा आमच्या मांडणीत सरळ बसत नाही, तरी तो घेत आहे. १९४० च्या दशकानंतर तो संपला असे मानले गेले होते. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्याने एक इग्वाना पकडला आणि प्रजाती जिवंत असल्याचे कळले. इथे आश्रयबेट नाही. मुंगसाने भरलेल्या मोठ्या बेटावरच, वनाच्या गाभ्याभोवती सापळे लावून, अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले किंग्स्टनच्या प्राणिसंग्रहालयात मोठी करून, मुंगसाला झेपणार नाहीत एवढी झाली की परत सोडून ही प्रजाती राखली जाते. सापळे थांबले की संरक्षण थांबते. म्हणूनच जवळच्या गोट आयलंड्सवरून परके प्राणी काढून तिथे इग्वाना परत नेण्याचा विचार संवर्धक दीर्घकाळ मांडत आले आहेत. दोन पद्धतींतला फरक या उदाहरणाने चांगला कळतो, एवढ्यासाठी ही ओळ परिशिष्टात जाईल.

२ फेब्रुवारी

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, धोक्यातल्या प्रजाती नोंदवणाऱ्या लाल यादीतली श्रेणी दाखवणारा पाचवा रकाना घालावा का, यावर आज बराच विचार केला. श्रेणी द्यायलाच हवी, पण ती कशी ठरते हे सांगितल्याशिवाय दिली तर वाचकाचा गैरसमज होईल.

आययूसीएनच्या निकषांनुसार प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र १० चौरस किलोमीटरांहून कमी असले म्हणजे प्रजाती आपोआप सर्वोच्च धोक्याच्या श्रेणीत जात नाही. त्याबरोबर अधिवासाचे तुकडे होणे किंवा एकच ठिकाण उरणे, सतत घट होत राहणे, संख्येत टोकाचे चढउतार होणे यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. ५० हून कमी प्रौढ प्राणी उरले असतील तर ती श्रेणी मिळते. पण समजा, एखादी प्रजाती दोन चौरस किलोमीटरांच्या एकाच बेटावर हजारोंनी आहे आणि तिची संख्या स्थिर आहे. तर तिला लागू पडतो तो ‘फारच थोडी ठिकाणे’ हा निकष, आणि त्यावरून तिला फार तर ‘असुरक्षित’ ही श्रेणी मिळते. निकषात काही चूक आहे असे नाही. आजची स्थिती आणि घटीचा वेग मोजण्यासाठी तो केलेला आहे. मात्र बेटावरच्या सरीसृपाचा धोका अनेकदा सावकाश वाढत नाही. एखादी गाभण उंदरीण सामानाच्या पेटीतून उतरेपर्यंत तो जवळपास शून्य असतो आणि त्यानंतर एकदम सर्वस्वाचा असतो. फ्लॅट आयलंडवर हेच घडले.

निर्णय : श्रेणीचा रकाना राहील, पण ओळींचा क्रम श्रेणीनुसार लावायचा नाही. ‘असुरक्षित’ लिहिलेली ओळ वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

९ फेब्रुवारी

क्रिसमस आयलंड. जावाच्या दक्षिणेला सुमारे ३६० किलोमीटरवर असलेले, १३५ चौरस किलोमीटरांचे हे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील बेट. या माहितीसंचातली सर्वांत कठीण ओळ हीच.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या पाहणीत इथल्या सापसुरळ्या आणि पाली विपुल असल्याचे नोंदले गेले होते. १९८७ मध्ये आग्नेय आशियातला एक लांडगासाप, आपल्याकडच्या कवड्या सापाचा जवळचा भाऊबंद, वस्तीजवळ प्रथम आढळला. त्यानंतर ईशान्येकडच्या वस्तीपासून दूर पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या लाटेसारखे एकेक ठिकाण रिकामे होत गेले. ‘पिवळ्या वेड्या’ या नावाच्या मुंग्या, मांजरे, उंदीर आणि मोठी घोण, म्हणजे गोमेची एक जात, हे प्राणीही तिथे होते, त्यामुळे कारणांवर दीर्घकाळ चर्चा चालू राहिली. पण घटीचा काळ आणि तिची दिशा लांडगासापाशी सर्वाधिक जुळते. ज्या बेटावर निशाचर, झाडावर चढणारा, झोपलेल्या सापसुरळ्या शोधून खाणारा साप पूर्वी कधीच नव्हता, तिथल्या प्राण्यांना त्याच्यापासून वाचण्याची कोणतीच रीत अवगत नव्हती.

राष्ट्रीय उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी २००९-१० मध्ये उरलेसुरले प्राणी पकडून बंदिवासात आणले : निळ्या शेपटीच्या ६६ सापसुरळ्या आणि लिस्टरच्या ४३ पाली. त्यांच्यापासून बंदिवासात शेकडोंची पैदास झाली, एक साठा सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयातही ठेवला गेला, आणि या दोन्ही प्रजाती आज जिवंत आहेत. वनसापसुरळीच्या बाबतीत तीनच प्राणी हाती लागले आणि त्या तिन्ही माद्या होत्या. त्यांतली शेवटची, जिला सांभाळणाऱ्यांनी ‘गंप’ हे नाव दिले होते, ती ३१ मे २०१४ रोजी मरण पावली. २०१७ मध्ये लाल यादीत ही प्रजाती नामशेष म्हणून नोंदवली गेली.

या तीन प्रजातींची आकडेवारी शेजारीशेजारी ठेवली की पुढच्या कोणत्याही बेटासाठी कृतीची मर्यादा कुठे असते ते दिसते. तिन्ही एकाच बेटावर, एकाच धोक्याखाली, एकाच पथकाच्या देखरेखीत होत्या. फरक पडला तो पकडण्याची वेळ आली तेव्हा किती प्राणी शिल्लक होते एवढ्यानेच. वनसापसुरळी आधी विपुल होती. विपुल प्रजातीकडे कोणी फारसे पाहत नाही आणि ती दुर्मीळ झाल्याचे लक्षात येते तेव्हा मादीबरोबर नरही मिळेल याची खात्री उरत नाही.

बंदिवास हेही निर्धोक ठिकाण नसते. २०१४ मध्ये तिथल्या प्रजननकेंद्रात एका नव्या जिवाणूचा प्रादुर्भाव झाला. तो चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या ऊतींत पसरून प्राणी दगावतो. सगळा साठा एकाच ठिकाणी न ठेवण्याचे महत्त्व इथेही दिसते. बेटावर कुंपण घालून, सापांना आत येता येणार नाही अशा जागेत सापसुरळ्या सोडून पाहिल्या गेल्या. तिथे घोणींनी त्यांना टिकू दिले नाही.

मग उत्तर शोधले गेले ते पुन्हा छोट्या बेटातच. २०१९ मध्ये निळ्या शेपटीच्या ३०० सापसुरळ्या हिंदी महासागरातील कोकोस बेटांमधील पुलू ब्लान या सुमारे दोन हेक्टरांच्या बेटावर सोडण्यात आल्या आणि पुढच्या वर्षी पुलू ब्लान मदार या दुसऱ्या बेटावर. तिथे लांडगासाप नाही आणि सापसुरळ्या तिथे वाढल्या. ही त्यांची मूळ भूमी नव्हे, आणि ही प्रवाळबेटे समुद्रसपाटीपासून फार तर काही मीटर उंच आहेत. एका मोठ्या वादळी भरतीने काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही हा निर्णय योग्य होता असे माझे ठाम मत आहे, कारण पर्याय होता तो पिंजऱ्यात कायमचे राहण्याचा, आणि पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर प्राण्याला शत्रू, ऊन, भक्ष्य आणि पाऊस यांच्याशी जुळवून घेण्याची सवयच राहत नाही.

१२ फेब्रुवारी

कालपर्यंतच्या मजकुरावर एक स्वाभाविक प्रश्न येईल : क्रिसमस आयलंडवरून लांडगासापच का काढून टाकत नाहीत?

उंदीर आमिष खातो, त्यामुळे त्याचे निर्मूलन शक्य झाले आहे. न्यूझीलंडने २००१ मध्ये ११३ चौरस किलोमीटरांच्या कॅम्पबेल बेटावरून उंदीर काढून दाखवले. साप क्वचित खातो, दिसत नाही, आणि धान्याच्या आमिषाला तोंड लावत नाही. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथले बहुतेक वनपक्षी आणि काही पाली-सरडे संपवले. त्याच्यावर उपाय म्हणून मेलेल्या लहान उंदरांत ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घालून ते हेलिकॉप्टरने जंगलात टाकले जातात. माणसासाठी साधे असलेले हे औषध या सापाला मारक ठरते. त्याने संख्या कमी करता येते. परंतु पसरलेला साप कोणत्याही मोठ्या बेटावरून आजवर पूर्णपणे काढता आलेला नाही. म्हणून तिसऱ्या रकान्यात ‘साप’ असे लिहिलेल्या ओळींना वेगळी खूण करायची : इथे धोका आल्यानंतर उपाय नाही.

२० फेब्रुवारी

न्यूझीलंडचा सरड्यासारखा दिसणारा तुआतारा आणि पिंझॉनची कासवे एकत्र घेतली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी धोक्याचे स्वरूप एकच आहे.

तुआतारा हा ज्या प्राचीन गणाचा अखेरचा प्रतिनिधी आहे तो गण सरडे आणि साप यांच्यापासून फार पूर्वी वेगळा झाला. माणूस आणि त्याच्याबरोबर किओरे हा पॉलिनेशियन उंदीर न्यूझीलंडमध्ये आल्यानंतर मुख्य भूमीवरून तुआतारा नाहीसा झाला आणि किनाऱ्याजवळच्या बेटांवर उरला. त्याची सर्वांत मोठी वसाहत ताकापोउरेवा, अर्थात स्टीफन्स आयलंड, या अवघ्या १५० हेक्टरांच्या बेटावर आहे आणि तिथे ३०,००० ते ५०,००० तुआतारा असल्याचे अंदाज आहेत. दीपगृहाबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मांजरे आली आणि त्यांच्यामुळे तिथला उडू न शकणारा छोटा पक्षी नष्ट झाला. १९२५ पर्यंत मांजरे संपवली गेली. उंदीर मात्र तिथे कधी आला नाही.

ज्या बेटांवर किओरे होता तिथे मोठे तुआतारा दिसत राहिले, पण पिल्ले दिसेनाशी झाली. मादी दर काही वर्षांनी एकदाच अंडी घालते, अंडी उबायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तेवढा काळ उंदराला पुरेसा असतो. प्रौढ प्राणी मात्र कित्येक दशके जगतात. त्यामुळे पाहणी करणाऱ्याला प्राणी भेटतात, संख्येचा आकडा समाधानकारक येतो, आणि प्रत्यक्षात त्या वसाहतीत कित्येक वर्षांत एकही नवा प्राणी वाढलेला नसतो. हाउतुरू बेटावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस आठ प्रौढ तुआतारा सापडले, त्यांना कुंपणात ठेवून अंडी उबवली गेली आणि २००४ मध्ये किओरे काढला गेला.

गालापागोसमधील पिंझॉन बेटावर हेच कासवांच्या बाबतीत झाले. काळे उंदीर आल्यापासून अंड्यातून बाहेर पडणारे प्रत्येक पिल्लू खाल्ले जात होते. १९६५ पासून अंडी आणि पिल्ले गालापागोसच्याच सांताक्रूझ बेटावर नेऊन, उंदराला दाद देणार नाही एवढे कवच होईपर्यंत वाढवून परत सोडली जात. २०१२ च्या अखेरीस हेलिकॉप्टरमधून आमिष टाकून १८ चौरस किलोमीटरांचे ते बेट उंदीरमुक्त केले गेले आणि दोनच वर्षांनी तिथे नैसर्गिकपणे जन्मलेली पिल्ले हिंडताना दिसली. शंभरहून अधिक वर्षांत असे घडले नव्हते. त्या सगळ्या काळात जुन्या कासवांनी प्रजाती केवळ आपल्या दीर्घायुष्याच्या बळावर तोलून धरली होती.

माहितीसंचात प्रौढांच्या संख्येशेजारी ‘गेल्या पाच वर्षांत पिल्ले दिसली का’ असा उपरकाना जोडला. दीर्घायुषी प्रजातींसाठी तो एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

तुआताराच्या ओळीत तापमानाची नोंदही जाईल. साधारण २२ अंश सेल्सिअसच्या वर उबलेल्या अंड्यांतून नर निघतात. चार हेक्टरांच्या नॉर्थ ब्रदर बेटावर नरांचे प्रमाण आधीच जास्त झालेले आहे. बेट लहान असले की मादीला थंड उताराची जागा शोधत दूर जाता येत नाही. शत्रूपासून आडोसा देणारे तेच बेट हवामान बदलल्यावर कोंडी करते.

२८ फेब्रुवारी

अंदमानची नोंद थोडक्यात, पण राउंड आयलंडच्या ओळीला जोडून.

इथली हिरवी दिनचर पाल गुंथरच्या पालीच्याच वंशातली आहे. या वंशाचे बहुतेक सभासद मादागास्कर आणि मस्करीन बेटांवर (मॉरिशस त्यांतलेच) राहतात आणि हा एकटा नातलग बंगालच्या उपसागरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंदमानात चितळ सोडले गेले. तिथे त्यांना खाणारा प्राणी नव्हता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की चितळ जंगलातील खालचा झाडोरा विरळ करतात आणि त्यामुळे जमिनीवर व खालच्या फांद्यांवर राहणारे पाली-सरडे कमी होतात. शेळ्यांनी राउंड आयलंडवर जे केले त्याचीच ही आवृत्ती आहे. शिवाय अलीकडच्या काळात तिथे पसरलेला भारतीय बैलबेडूक लहान सरडेही खातो. चितळासारख्या देखण्या प्राण्याविषयी कठोर लिहिणे वाचकाला रुचणार नाही, याची कल्पना आहे. तरी लिहायचे, कारण चितळाचे घर मुख्य भूमीवर आहे आणि या पालींना बेटांवाचून दुसरे घर नाही.

८ मार्च

चौथा रकाना आज पुन्हा तपासला. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळखडकावर रुतले आणि त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. त्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर लहान निशाचर पाली आणि दोन जातींच्या सापसुरळ्या यांच्या वसाहती होत्या. उंदरांपासून त्यांचे रक्षण करणारा समुद्रच तेलाने माखला होता. काही प्राणी उचलून विमानाने जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले, म्हणजे वाईटात वाईट घडले तरी वंश उरेल. आश्रयबेट कितीही जपले तरी ते एकच असून चालत नाही, हे यातून पुरेसे कळते. राउंड आयलंडच्या तिन्ही प्रजातींचा चौथा रकाना मात्र भरलेला आहे : टेल्फेअरची सापसुरळी २००६-०७ पासून इल ऑ झेग्रेत आणि गनर्स क्वॉइनवर, गुंथरची पाल २०१० मध्ये इल ऑ झेग्रेतवर, बोआ २०१२ मध्ये गनर्स क्वॉइनवर.

यानंतर सामान तपासणीचे प्रकरण लिहायला घेतले. आश्रयबेटावर जाणाऱ्या प्रत्येकाचे सामान बंद खोलीत उघडून पाहणे, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांतूनच शिधा आणि उपकरणे नेणे, बुटांच्या तळव्यांतून बिया आणि माती काढणे, उतरण्याच्या जागी पावलांचे ठसे उमटणारे बोगदे आणि दातांच्या खुणा पकडणाऱ्या पट्ट्या ठेवून त्या ठरलेल्या दिवशी तपासणे. हे काम कंटाळवाणे असते आणि यशस्वी झाले तर त्यातून काहीच घडत नाही. म्हणूनच त्याला पैसा मिळवणे अवघड जाते : निर्मूलनाच्या मोहिमेला हेलिकॉप्टर असते, छायाचित्रे असतात, उद्‌घाटन असते, रिकाम्या ठसेपट्टीचे छायाचित्र कोणी छापत नाही. माझ्या दृष्टीने या माहितीसंचाचा मुख्य भाग हाच आहे आणि तो परिशिष्टात न ढकलता पहिल्या ओळीच्याही आधी ठेवायचा.

१६ मार्च

तक्ता पूर्ण झाला. सेंट लुशियाच्या रेसरचा चौथा रकाना रिकामा आहे. निळ्या शेपटीच्या सापसुरळीच्या ओळीत मूळ बेटाखाली ‘नाही’ आणि दुसऱ्या वसाहतीखाली कोकोसची दोन नावे आली आहेत. बिळात राहणाऱ्या बोआची ओळ ठेवावी की नाही असा प्रश्न होता; ती ठेवली, कारण शेळ्या हटवण्याचे वर्ष आणि त्याच्या शेवटच्या दर्शनाचे वर्ष यांत किती थोडे अंतर होते ते त्या ओळीतच दिसते. मजकूर भाषातपासणीला देण्याआधी उंदरांच्या आणि सापांच्या नावांत सर्वत्र एकवाक्यता आणणे आणि सामान तपासणीच्या प्रकरणाला आकृत्या जोडणे एवढे काम उरले आहे. आकृत्यांत बोगद्याची लांबी-रुंदी आणि पट्टी बसवण्याची उंची मापांसह द्यायची, म्हणजे वाचून ती कोणालाही बनवता येईल.